मुका तांडेल

१

तांडेल बोलला नाही.

जागृतीने पुन्हा बटण दाबलं. पडद्यावरची परकर-पोलक्यातली नवली धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि होडीशेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या तांडेलासमोर, होडीच्या कप्तानासमोर, थांबली. लाटांचा आवाज येत होता, बगळ्यांचा येत होता. तांडेल मात्र गप्प. त्याच्याऐवजी पडद्याच्या तळाशी एक निळी चौकट उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटली.

‘पानी चरतंय गो बाय. आता होरी सोरू नको.’

"हे कोणी टाकलं?" शौनक म्हणाला. वैदेहीने त्याच्याकडे पाहिलं. जागृती पडद्याकडेच बघत राहिली.

खांदेश्वरला वैदेहीच्या घरात एक लहान खोली होती, तिथे या तिघांनी वर्षभर बसून ‘खाडीपल्याड’ नावाचा गेम बनवला होता. खेळणाऱ्याने नवली व्हायचं, होडीने गावोगाव जायचं, माणसांशी बोलायचं, त्यांची कामं करायची आणि विस्कटलेलं गाव पुन्हा एकत्र आणायचं. तिघांपैकी कुणालाच प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. नवशिक्यांसाठी तयार केलेलं एक सॉफ्टवेअर त्यांना मिळालं होतं. त्यात जमीन, पाणी, घरं फरशा बसवाव्यात तशी बसवायची, माणूस उचलून ठेवायचा आणि तो काय बोलेल ते चौकटीत भरायचं. आठवड्याभरात हात बसतो. रविवारी वाशीला एका प्रदर्शनात तो लोकांसमोर मांडायचा होता आणि त्याचीच ही रंगीत तालीम चालली होती.

तांडेलाचा आवाज जागृतीच्या बाबांचा होता. गोटीराम कोळी, मोरा बंदरावरचे. त्याची बरीच वाक्यं त्यांनी घरी बसून, हसत हसत रेकॉर्ड करून दिली होती. धक्क्यावरचं हे एक वाक्य तेवढं राहिलं होतं. ते त्यांनी एका सकाळी बंदरावरून मोबाइलमध्ये बोलून पाठवलं आणि होडी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी होडी घारापुरीच्या बाजूला उलटी सापडली. गोटीरामांचा देह त्यानंतर सापडला.

शौनकने घाईघाईने फाइली उघडल्या. घरी रेकॉर्ड केलेले सगळे आवाज जागेवर होते. बंदरावरचा नव्हता. कचऱ्याच्या डब्यातही नव्हता.

"बॅकअप?" वैदेहीने विचारलं.

"रोज संध्याकाळी आपोआप होतो. म्हणजे पुसल्यानंतर पुसलेलाच झाला असणार."

जागृतीच्या जुन्या फोनबरोबर मूळ मेसेजही गेला होता. तिच्या माहितीत जगात दुसरीकडे कुठेही तो आवाज नव्हता.

"शौनक," जागृती हळू म्हणाली, "तू लिहिलेलं वाक्य वेगळं होतं. ‘पाणी चढतंय पोरी, आता होडी सोडू नकोस.’ बाबांनी ते स्वतःच्या भाषेत बदललं. मेसेज आला त्या दिवशी मी तेवढं वाक्य ऐकून बंद केलं होतं. इथे लिहिलेत ते बाबांचे शब्द आहेत. अगदी जसेच्या तसे."

ज्याने आवाज पुसला होता, त्यानेच तो आधी लक्ष देऊन ऐकला होता.

२

त्याच इमारतीत तळमजल्यावर सुनीती गद्रे राहायच्या. नोकरीची बरीचशी वर्षं पोलीस खात्यात तपासाच्या कामात घालवून निवृत्त झालेल्या बाई. सोसायटीतल्या भांडणांत त्या पडत नसत, त्यामुळे सोसायटी त्यांना मानत असे. जागृती त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा त्या झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, झारी खाली ठेवली आणि विचारलं, "तुला आवाज परत हवाय, की माणूस हवाय?"

"आवाज," जागृती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दोन्ही."

सुनीतीबाईंनी आधी शौनकला बोलावलं. तो मूळचा साताऱ्याकडचा. गेमची गोष्ट त्याने लिहिली होती.

"तुला धक्क्यावरचा प्रसंग नको होता म्हणे."

"नको नव्हता, काकू. छोटा हवा होता. खेळणारा तिथे रेंगाळतो, कंटाळतो. त्यावरून आमचं वाजलं होतं, खरंय. पण आवाज कशाला पुसेन मी? प्रसंग उडवायचा असता तर एका क्लिकमध्ये उडवला असता."

"आवाज गेममध्ये कोणी बसवला?"

शौनक घुटमळला. "मी. जागृतीला ऐकवत नव्हता. पहिला शब्द आला की ती उठून जायची."

"तू पूर्ण ऐकलास?"

"नाही." तो पायांकडे बघत म्हणाला. "वाक्य संपल्यावरही रेकॉर्डिंग चालू राहिलं होतं. ते बंद करायला विसरले असावेत. पण पुढचं त्यांचं खासगी, ऐकणं बरं नाही वाटलं. वाक्य संपतं तिथे थांबण्याची खूण केली नि सोडून दिलं. फाइल अख्खीच ठेवली, कापली नाही. म्हटलं, कधीतरी तिला ऐकावंसं वाटेल."

"म्हणजे गेम खेळणाऱ्याला एकच वाक्य ऐकू येई. आणि तुमच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून वाजवली तर?"

"तर पुढचंही सगळं."

वाक्यापुढे काय होतं, हे त्या खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. आणि कदाचित तेच कुणाला तरी नको होतं.

३

वैदेही चित्रं काढायची. घरं, झाडं, माणसांचे चेहरे, संवादाच्या चौकटी, सगळं तिच्या हातचं. ती खुर्चीवर अवघडून बसली आणि विचारण्याआधीच म्हणाली, "मी काही केलेलं नाही."

"मी अजून काही म्हटलं नाही. गेमच्या प्रती मित्रमंडळींच्या फोनवर कोण पाठवतं?"

"मी."

"त्या प्रतींत आवाज असतो?"

"असतो. प्रत बनवली की सगळे आवाज तिच्या पोटात जातात. पण गेल्या आठवड्यात मी सगळ्यांना नवीन प्रत पाठवली. ती घेतली की जुनी जाते. नवीन प्रत बनवली तेव्हा आवाज आधीच गेला होता, मला कळलंच नाही. मी सगळ्यांकडे विचारून पाहिलं. सगळ्यांनी नवीन घेतलीय."

"सगळ्यांनी?"

वैदेहीने खिडकीबाहेर पाहिलं. 

"शौनकला सांगू नका," शेवटी वैदेही म्हणाली. "कुणालाच सांगू नका. आणखी एक जुनी प्रत आहे."

"कुणाकडे?"

"सखूमावशींकडे. जागृतीच्या आईकडे. घरांची चित्रं काढायला मी मोऱ्याला गेले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या फोनवर टाकून दे, पोरीला बोलू नको, ती रडत बसंल. जागृतीला वाटतं की आई गेमच्या वाटेलाही जात नाही. त्या रोज तांडेलापर्यंत चालत जातात, काकू. पुढे जातच नाहीत."

"मग ही गोष्ट तू लगेच का नाही सांगितलीस?"

"कारण पुसणारा आमच्यातलाच आहे ना! प्रत शिल्लक आहे हे त्याला कळलं असतं तर? मी उद्या एकटी जाणार होते."

सुनीतीबाईंनी तिच्याकडे नव्याने पाहिलं. "शहाणी आहेस. मला एक सांग, सखूबाईंचं नि त्यांच्या नवऱ्याचं कसं होतं?"

वैदेहीचा चेहरा उतरला. "चांगलं होतं. पण त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. अख्ख्या आळीने ऐकलं. ते रागाच्या भरात गेले, म्हणून बुडाले, असं लोक म्हणतात. मावशी सांगत होत्या की इंजिन नीट नव्हतं, जाऊ नका म्हणून मी भांडत होते. कुणी विश्वास ठेवला नाही. आता सुचतंय तिला, असं लोक म्हणाले. त्यांना हळदीकुंकवाला तर नाहीच, साध्या बारशालाही कुणी बोलवत नाही आता."

४

दुपारी सुनीतीबाई आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर गेम खेळल्या. जागृती शेजारी बसली होती. नवलीला झाडावर आपटत, विहिरीभोवती फिरवत त्या गावातून निघाल्या आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत गेल्या. आधी हसू येत होतं. हळूहळू त्या गुंतल्या. जाळं विणणारी बाई, मिठागरावरचा मुकादम, दारातला कुत्रा, प्रत्येकाला स्वतःचा आवाज होता.

"आवाज गावच्या बोलीत, आणि खालची अक्षरं पुस्तकी. असं का?"

"सगळ्यांना वाचता यावं म्हणून ठरवलं होतं. अख्ख्या गेममध्ये कुठेच ‘पानी’ लिहिलेलं नाही. मीसुद्धा ‘पाणी’च लिहिते. शाळेत त्यासाठी छड्या खाल्ल्यात."

नवली धक्क्यावर पोचली. निळी चौकट उघडली. सुनीतीबाईंनी हात थांबवला.

"ही चौकट वेगळी आहे."

जागृती पुढे वाकली. इतका वेळ ती अक्षरंच पाहत होती. गेममधली प्रत्येक चौकट वैदेहीने काढलेली होती, होडीच्या फळ्यांची, कडेला दोरी गुंडाळलेली. ही साधी निळी होती.

"सॉफ्टवेअर आयती देतं ती. पहिल्या धड्यात हीच शिकवतात. आम्ही कधी वापरतच नाही. आमची चौकट आणायला आणखी एका ठिकाणी जावं लागतं."

"म्हणजे पहिल्या धड्याच्या पुढे न गेलेल्या कुणीतरी ही टाकली. या खोलीत तुम्हा तिघांशिवाय कोण बसतं?"

जागृतीने पडद्यावरच्या धक्क्याकडे बोट दाखवलं.

"मिथुनदादा. माझा चुलतभाऊ, आमच्या शेजारीच राहतो. रबाळ्याला कारखान्यात आहे. सुट्टीला येतो. मोऱ्याचा धक्का त्यानेच मांडलाय, पायऱ्या कुठे, खुंट कुठे, त्याला पाठ. मीच शिकवलं त्याला." ती एकदम थांबली. "पण काकू, दादा असं करणार नाही. बाबा गेल्यापासून घरात काय हवं-नको तोच बघतो. आईचं औषध तोच आणतो."

निरोप मिळताच मिथुन दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. तिशीच्या आतबाहेरचा, हातावर ग्रीसचे डाग मुरलेले. नमस्कार करून उभाच राहिला.

"बस की."

"नको काकू, बरा हाय."

"काका गेले त्या दिवशी तू कुठे होतास?"

"रबाळ्याला. कामावर. पोलिसांना पन तसाच सांगितला." प्रश्न आवाजाबद्दल नव्हता, याचं त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "काका कुनाला न सांगता गेले. मी असतो तर जाऊ दिला नसता."

"आवाज कोणी पुसला असेल, काय वाटतं?"

"मला त्या कॉम्प्युटरमधलं काय कळतं? दोन झाडं लावतो, बस."

"ठीक. आज आम्ही सगळे मोऱ्याला जातोय. सखूबाईंच्या फोनवर गेमची जुनी प्रत आहे, तिच्यात तो आवाज आहे. अख्खा."

मिथुन खुर्चीच्या पाठीला धरून हळूच खाली बसला.

५

मोऱ्याला सखूबाईंच्या ओटीवर ऊन आलं होतं. शौनकने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सखूबाईंचा फोन त्याला जोडला. फोन देताना त्या लेकीकडे बघत नव्हत्या.

"आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकू शकत नव्हतीस, मी ऐकल्याशिवाय राहू शकत नव्हते. काय सांगनार व्हते?"

मिथुन खांबाला टेकून उभा होता. सुनीतीबाईंनी त्याच्याकडे न पाहता बोलायला सुरुवात केली.

"मी आधी एवढंच पाहिलं की काय गेलं आणि काय राहिलं. तांडेल राहिला. त्याचे घरी रेकॉर्ड केलेले आवाज राहिले. गेलं ते फक्त बंदरावरचं रेकॉर्डिंग. म्हणजे राग तांडेलावर नव्हता, गोटीरामांवर नव्हता, गेमवरही नव्हता. त्या सकाळी बंदरावर जे होतं, त्याची कुणाला तरी भीती होती.

"दुसरं, ती चौकट. शौनक, वैदेही, जागृती, तिघांचा हात आपोआप लाकडी चौकटीकडे जातो. निळी वापरणारा नवशिका होता. आणि त्याने ‘पानी’ लिहिलं, ‘होरी’ लिहिलं. साताऱ्याच्या मुलाला ते शब्द तसे ऐकूही आले नसते. जागृतीने तसे लिहिले नसते. ज्याने लिहिले तो ही बोली बोलतो, पण अक्षरं पुस्तकी ठेवायचं ठरलंय हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि तिसरं. नुसतं पुसून तो निघून जाऊ शकला असता. पण तांडेल मुका राहील, हे त्याला सहन झालं नाही. म्हणून काकांचे शब्द त्याने आठवून, जसेच्या तसे लिहून ठेवले. काकांवर जीव असलेला माणूस आहे तो."

जुन्या प्रतीतून काढलेल्या आवाजाची रेघ लॅपटॉपवर उमटली होती, सुरुवातीला थोडी उंच, मग सपाट, आणि मग पुन्हा उंच.

"लावू का?" शौनकने विचारलं.

"नको," मिथुन म्हणाला. "नको लावू. मी सांगतो."

"लाव," सखूबाई म्हणाल्या.

६

आधी वारा आला. मग गोटीरामांचा आवाज, धक्क्यावर उभा राहून मोबाइलशी जरा जोरातच बोलणारा: "पानी चरतंय गो बाय. आता होरी सोरू नको." मग एक समाधानाचं हसू. जागृतीने आईचा हात धरला. या वेळी ती उठून गेली नाही.

मोबाइल खिशात सरकल्याची खसखस झाली. तिच्या पलीकडून दुसरा आवाज आला, तरुण, घाईतला.

"काका, अजून हितंच? भरती निघून जाईल."

"तुजी काकी नको बोलते. इंजिनाचा आवाज बरोबर नाय, बोलते. सकालपासून भांडते माज्याशी."

"काकीला काय कळतं? मी रविवारी खोलून बघितलाय ना इंजिन! एकदम टकाटक. बिनधास्त जा, टेन्शन नको घेऊ."

"बघितलास ना नक्की?"

"बघितला रे. जा तू."

दोरी सोडल्याचा आवाज झाला, इंजिन एकदा खोकून चालू झालं, मोबाइल खिशातून काढल्याची खसखस झाली आणि रेकॉर्डिंग संपलं.

मिथुन ओटीच्या पायरीवर बसला होता, डोकं दोन्ही हातांत धरून.

"बघितला नव्हता," तो म्हणाला. "रविवारी मॅच होती. काकाला बोललो होतो, करतो म्हनून. नाय केला. सकाळी धक्क्यावर त्यानं विचारला तेवा लाज वाटली, बोलून गेलो. मग कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर सगळे बंदरावर." त्याने तोंड पुसलं. "लोकांनी काकीला बोल लावला तेवा मला वाटला, चार दिवस बोलतील, विसरतील. कुनी विसरलाच नाय. जितके दिवस गेले तितका सांगायला जड झाला. धक्का मांडताना ती फाइल वाजवून बघितली. काकाचा आवाज ऐकायचा होता मला, दुसरा कायच नाय. तर त्यात मीच. वाशीला कुनी ती उघडली असती तर..."

"कुणी उघडली नसती," शौनक म्हणाला.

"माजा जीव तर उघडा पडला होता ना रोज!"

जागृती उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तू आईची औषधं आणायचास. मला वाटायचं, आपल्याला एवढा जीव लावणारं कुणी तरी आहे."

"पोलिसांना दिलेला जबाब खोटा होता," सुनीतीबाई म्हणाल्या. "तो बदलायला तुला ठाण्यात जावं लागेल. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. मी बरोबर येईन."

"येतो," मिथुन म्हणाला.

सखूबाई लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होत्या. तिथे आता नुसती सपाट रेघ होती.

"तो बोलला," त्या म्हणाल्या. "‘काकी नको बोलते.’ बोलला ना? ऐकलात ना सगल्यांनी?"

"ऐकलं, मावशी," वैदेही म्हणाली.

सखूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली घेतला. त्या उठल्या, पायरीपाशी आल्या आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. मिथुन दचकला. मार बसेल असं त्याला वाटलं असावं.

"ऊठ."

"काकी, मला माफ..."

"ते मंग बघू. ठान्यात उद्या जा. आज माज्यासंगती चल."

त्या त्याला घेऊन आळीत उतरल्या. बाकीचे मागून निघाले, पण जागृतीने हाताने सगळ्यांना जरा अंतरावर थांबवलं. पहिल्याच दारात एक बाई सुकट निवडत बसली होती. सखूबाई समोर उभ्या राहिल्या. गोटीराम गेल्यापासून त्या घराच्या पायरीवर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं.

"सांग," त्या मिथुनला म्हणाल्या.

त्याने सांगितलं. पहिल्या घरी त्याला तीनदा थांबावं लागलं. दुसऱ्या घरी म्हातारा कानाला हात लावून "काय?" म्हणाला, तेव्हा सखूबाईंनी त्याला मोठ्याने बोलायला लावलं. तिसऱ्या घरातून शिव्या आल्या. तो खाली मान घालून उभा राहिला आणि सखूबाई त्याच्या बाजूला सरळ उभ्या राहिल्या. त्याला झाकलं नाही आणि एकटंही सोडलं नाही. आळीत बातमी त्यांच्या पुढे धावायला लागली होती. बायका दाराशी येऊन थांबल्या होत्या. तरी त्या एकही दार चुकवत नव्हत्या.

वळणावर मालतीबाईंचं घर होतं. आळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि गोटीरामांची तिरडी उठली तेव्हा, ‘भांडून धाडलंस गो त्याला,’ असं सगळ्यांदेखत म्हणणाऱ्या त्याच होत्या. मिथुनचं बोलून होईपर्यंत त्या ऐकत राहिल्या. त्यांची बोटं दाराच्या चौकटीवर घट्ट झाली होती. मग त्या बाजूला सरकल्या, ओटीवरची जाळी उचलून त्यांनी जागा केली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ये सखू. वर ये. बस."

सखूबाईंनी त्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी मिथुनचं मनगट पुन्हा धरलं.

"येईन," त्या म्हणाल्या. "अजून पुढची घरं राहिलीत."